जुन्या अ‍ॅनिमेतला ठोसा एवढा जड का लागतो?

जंबुवंत

मंडळी, बरेच दिवस डोक्यात होतं, आज टाकतोच धागा. मध्यंतरी भाच्याच्या हट्टापायी थेटरात डीमन स्लेयर या नव्या जपानी अ‍ॅनिमेचा इन्फिनिटी कॅसल हा सिनेमा बघून आलो. डोळे दिपले हे कबूल, कॅमेरा गरागरा फिरतोय, पाणी काय आग काय ठिणग्या काय, एक नंबर काम. पण बाहेर आल्यावर कुठला वार कुणाला नेमका कसा बसला असं कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. आणि इकडे १९८४ चं होकुतो नो केन, म्हणजे फिस्ट ऑफ द नॉर्थ स्टार, लावा. अर्धा वेळ चित्र हलतच नाही, नुसती तोंडं उघडतात मिटतात, पार्श्वभूमीला त्याच रेघा सरकतात, आणि तरी नायक केनशिरोने बोट टेकवलं की आपण सावरून बसतो.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अणुयुद्ध होऊन जगाचं वाळवंट झालंय, पाण्याच्या हंड्यासाठी मुडदे पडतायत, मोटारसायकलवरचे मोहॉकवाले गुंड गावं लुटतायत, आणि त्यातून छातीवर सात व्रण असलेला हा बाबा चालत येतो. शरीरातल्या मर्मांवर बोटं मारायची विद्या, समोरचा आतून फुटतो. कथा बुरोनसनची, चित्रं तेत्सुओ हाराची, शोनेन जंप या साप्ताहिकात १९८३ ला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी तोएई स्टुडिओने टीव्हीवर आणलं, पहिली मालिका १०९ भागांची. हारा स्वतःच सांगतो की ब्रूस ली आणि मॅड मॅक्स एकत्र घोटले.

आता माझा मुद्दा. केन मारतो ते झपाझप असतं, अतातातातात करून शंभर ठोसे, ते ठीकच आहे. पण खरी मजा त्यानंतर. तो थांबतो. गुंड स्वतःचं पोट चाचपतो, हसतो, म्हणतो काहीच तर झालं नाही. केन पाठ फिरवून चालायला लागलेला असतो आणि मागे न बघता सांगतो, तू मेलायस आधीच. या सगळ्यात पडद्यावर जवळजवळ काहीही हलत नाही! एक स्थिर चित्र, वारा, आणि आपण वाट बघतोय. मग गुंडाचं डोकं भोपळ्यासारखं सुजायला लागतं.

मला वाटतं तो ठोसा जड लागतो तो या थांबण्यामुळे. जे काढलं नाही त्यामुळे. तुम्हाला काय वाटतं? आणि तुमची आवडती जुनी मारामारी कुठली तेही सांगा, फक्त हाताने काढलेली, मार्शल आर्टवाली.

---

कोबाल्ट

जंबुकाका, याला नॉस्टॅल्जिया म्हणतात, गोळी मिळत नाही त्याच्यावर.

डीबीझेड (ड्रॅगन बॉल झी) विसरलात काय? खलनायक फ्रीझा म्हणतो नामेक ग्रह पाच मिनिटांत फुटणार आणि ती पाच मिनिटं कित्येक भाग चालतात. शाळेतून येऊन कार्टून नेटवर्क लावायचो तर आज पण दोघं एकमेकांकडे बघतायत, उद्या पण बघतायत, नायक गोकू घामाचा थेंब पाडतोय, क्रिलिन आ वासून उभा. त्यालाही तुम्ही थांबण्याची कला म्हणणार का, का सरळ पैसे वाचवले म्हणणार?

---

चकलीचा_सोऱ्या

हहपुवा. "उद्या पण बघतायत" 😂

---

रेघोट्या

कोबाल्ट, पैसे वाचवले हे बरोबरच आहे पण जंबुवंतांचा मुद्दा त्याने खोटा पडत नाही. मी या धंद्यात आहे (टूडी, बहुतेक जाहिराती आणि लहान मुलांच्या मालिका, नाव सांगण्यासारखं काही नाही) म्हणून जरा तांत्रिक लिहितो, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

फिल्म सेकंदाला २४ फ्रेम पळते. जपानी टीव्हीवाल्यांनी १९६३ च्या अ‍ॅस्ट्रो बॉयपासून एक चित्र तीन तीन फ्रेम धरायची सवय लावली, म्हणजे सेकंदाला आठ चित्रं, आणि तीही पूर्ण नवी नाहीत, तोंडाचा सेल (रंगवलेली पारदर्शक शीट) वेगळा, अंगाचा सेल तोच. आठवड्याला एक भाग द्यायचा तर दुसरा इलाजच नव्हता. आता आठ चित्रांत ठोसा कसा मारणार? तर हात मागे जातो तिथे दोन चित्रं घालायची, खांदा वळलेला, कंबर वळलेली, पायाची टाच दाबलेली. मग मधला प्रवास जवळजवळ खाऊन टाकायचा. फार तर एक चित्र, तेही असं ताणलेलं की पॉज केलं तर हात आहे की रबराची नळी ते कळत नाही. आणि मग एकदम लागल्याचं चित्र, आणि ते धरून ठेवायचं. आदळतानाची एखादी फ्रेम नुसती काळी-पांढरी टाकायची, डोळ्याला झटका बसतो. मधलं सगळं बघणाऱ्याचं डोकं भरतं.

उलट ठोशाच्या प्रवासाची सगळी चित्रं प्रामाणिकपणे काढलीत ना, तर तो पाण्यात हात फिरवल्यासारखा दिसतो. आमच्याकडे नवीन पोरं हेच करतात, मधली चित्रं वाढवतात आणि विचारतात सर स्मूथ झालं पण लागत का नाहीये. डीबीझेडचं बघत बसणं हा वेगळा प्रकार आहे. साप्ताहिकात आठवड्याला पंधराएक पानं यायची आणि टीव्ही त्याच्या मानगुटीवर, त्यामुळे कथा ताणावी लागायची. ते ठोशाचं टायमिंग नाही, ते पाणी घालून वाढवलेलं वरण.

---

उलटा_ठोसा

रेघोट्या, टाच दाबलेली हे वाचून बरं वाटलं, हे कोणीतरी बोलायलाच पाहिजे होतं.

मी कराटे शिकवतो, सोसायटीच्या हॉलमध्ये, मुलं सात ते सतरा. ग्याकु-झुकी (मागच्या हाताचा ठोसा) शिकवताना अर्धा वेळ एकच ओरडत असतो, हात नाही रे, कंबर! मागचा पाय जमिनीत रुतल्याशिवाय आणि कंबर फिरल्याशिवाय त्या ठोशात काहीही नसतं, नुसता हात हलतो. आणि जुनी चित्रं काढणाऱ्यांना हे पक्कं माहिती होतं असं दिसतं. १९९४ चा स्ट्रीट फायटर टू चा अ‍ॅनिमेटेड सिनेमा बघा, गिसाबुरो सुगीचा. त्याच्या मारामाऱ्यांसाठी सल्ला द्यायला के-वन या किकबॉक्सिंग स्पर्धेचे काझुयोशी इशी आणि अँडी हुग यांना घेतलं होतं, म्हणजे ज्या माणसाने आयुष्यभर लाथा मारल्या त्याला विचारून लाथा काढल्यात! चुन-लीच्या फ्लॅटमधली मारामारी आठवा, ती लाथ घालते तेव्हा टेकलेल्या पायाकडे बघा, तो आधी वळतो. सोफा फेकतात, भिंतीवर आपटतात, दमतात. दमणं फार महत्त्वाचं आहे, नव्या मालिकांमध्ये कोणी दमतच नाही, रक्त ओकतात पण श्वास लागत नाही.

केनशिरोच्या बोटांनी डोकी फुटण्याबद्दल मात्र नो कमेंट्स. एका पालकाने विचारलं होतं, सर हे शिकवता का.

---

जंबुवंत

@रेघोट्या धन्स, वाचनखूण साठवली. म्हणजे मी जे "थांबणं" म्हणतोय त्याचा अर्धा भाग गरिबी आणि अर्धा अक्कल.

@उलटा_ठोसा 😂 पालकाला काय उत्तर दिलंत?

अजून एक. होकुतो नो केन जपानमध्ये गुरुवारी संध्याकाळी सातला लागायचं, म्हणजे घरदार जेवायला बसलेलं आणि समोर माणसं फुटतायत. मग टीव्हीवर दाखवायचं कसं? तर फुटण्याच्या क्षणी माणसाची नुसती सावली करायची, काळी आकृती, आणि आतून पांढरा प्रकाश. १९८६ च्या सिनेमात हे बंधन नव्हतं, तिथे सगळं धडधडीत दाखवलंय आणि मला विचाराल तर टीव्हीवरचं जास्त भयानक आहे.

---

चकलीचा_सोऱ्या

आणि ते मरतानाचे आवाज विसरू नका! हिदेबुउउ! आबेशीईई! मराठीत "आई गं" म्हणतात तसं तिकडे हे. निवेदन करणारे शिगेरू चिबा होते ना तेच किती तरी गुंडांचे आवाज काढायचे, आणि पुढच्या भागाची झलक सांगताना सुरुवातीला बिचारे गंभीर असायचे, शेवटी शेवटी इतके बेभान होऊन किंचाळायचे की वाटायचं माणसाला कोणीतरी पाणी द्या.

मला विचाराल तर रान्मा हाफ. १९८९. मारामारी आहे पण कसली, मार्शल आर्ट चहा-समारंभ, मार्शल आर्ट फिगर स्केटिंग, मार्शल आर्ट पार्सल डिलिव्हरी. काहीही विषय द्या, त्याच्या आधी मार्शल आर्ट लावतात आणि त्या घराण्याचा एक वारसदार खिडकीतून उडी मारून येतो. रुमिको ताकाहाशी बाईंना साष्टांग. २०२४ ला नवीन आलंय, छान आहे, रंग वगैरे गोड, पण जुन्याचे मळकट रंग आणि ती संध्याकाळची उन्हं मला जास्त आवडतात, का ते माहीत नाही.

---

रेघोट्या

सोऱ्या, ते मळकट रंगांचं कारण आहे. सेल म्हणजे पारदर्शक शीट, पुढच्या बाजूला रेघ आणि रंग मागच्या बाजूने भरायचा, म्हणून पुढून ब्रशचा फराटा दिसत नाही. अशा तीन-चार शीट एकावर एक, खाली पोस्टर कलरने रंगवलेलं दृश्य, वरून कॅमेरा, आणि एकेक फ्रेमचा फोटो. वरच्या शीटची बारीकशी सावली खालच्यावर पडते, धूळ बसते, फिल्मचा दाणा येतो. हे सगळं मिळून तो रंग होतो. आणि गोकूच्या हातातून निघणाऱ्या कामेहामेहा किरणाचा झगमगाट कसा करायचे माहितीये? रंगाने नाही. काळ्या मास्कला भोक पाडायचं, खालून दिवा लावायचा आणि तीच फिल्म मागे गुंडाळून पुन्हा त्या उजेडावर चालवायची. म्हणजे पडद्यावर जे दिसतं तो खराखुरा उजेड आहे जो फिल्मवर पडला होता! संगणकावर ग्लो टाकता येतो पण तो असा डोळ्यात घुसत नाही.

एक सांगून ठेवतो नाहीतर गैरसमज वाढेल. नवीन अ‍ॅनिमेही बहुतेक हातानेच काढतात. कागद जाऊन टॅबलेट आला असेल पण रेघ माणूसच ओढतो, डीमन स्लेयरची पात्रंसुद्धा. बदललं ते पुढचं, रंग भरणं आणि फोटो घेणं संगणकावर गेलं. तोएईसारख्या मोठ्या स्टुडिओंनी नव्वदीच्या शेवटी शेवटी सेल सोडायला सुरुवात केली आणि साझाए-सान ही घरगुती मालिका शेवटपर्यंत अडून होती, तिने २०१३ ला सोडला. त्यामुळे हाताने काढलेलं विरुद्ध संगणक असं भांडण लावू नका, आमच्या पोटावर पाय येतो 🙏

---

कोबाल्ट

हे पटलं. पण मग मी म्हणतो तेच आलं ना, तुम्हाला आवडते ती धूळ आणि फिल्मचा दाणा. मारामारी नाही.

आणि जुन्यातलं टाकाऊ किती होतं ते कोणी बोलत नाही. डीबीझेडमध्ये एका आठवड्याला गोकूचा चेहरा टोकदार रुबाबदार आणि पुढच्या आठवड्याला सुजलेला बटाटा, कारण दर भागाला काढणारी टोळी वेगळी. तीच उडी, तोच स्फोट, तीच ओरडणारी गर्दी पुन्हा पुन्हा वापरलेली. आपण त्यातले दहा चांगले भाग लक्षात ठेवतो आणि म्हणतो वाह जुनं ते सोनं.

---

पावशेर

कोबाल्टशी अर्धा सहमत, बटाट्याबद्दल तर पूर्ण. तरी मला तो बटाटाच आवडतो, म्हणजे असं की भाग सुरू झाला की पाच मिनिटांत कळतं आज कोणाचा हात आहे. तो माणूस दिसतो त्यात. आता सगळं इतकं सारखं करून टाकतात की कुणी काढलंय ते कळत नाही.

पण मी आलोय ते दुसऱ्याच कारणाने. धाग्यावर अजून कोणी आशिता नो जो चं नाव घेतलं नाही याचा निषेध! बॉक्सिंग आहे म्हणून मार्शल आर्टमध्ये धरत नसाल तर धरा. जंबुवंत म्हणतायत ते थांबणं ज्या माणसाने खऱ्या अर्थाने केलं तो ओसामू देझाकी, १९७० साली मुशी प्रॉडक्शनमध्ये, वय सव्वीस. हातात पैसा नाही, वेळ नाही, मग त्याने काय केलं तर ठोसा लागायच्या क्षणी चालतं चित्र थांबवून त्याचं एकदम रंगवलेलं चित्र करायचं, खडबडीत रेघा, पेस्टलसारखा रंग, जणू त्या क्षणाचा कोणी फोटो काढून ठेवला. नाहीतर तोच ठोसा तीनदा दाखवायचा, सट, सट, सट, तिसऱ्याला आपल्याच जबड्याला हात जातो. ही युक्ती नंतर सगळ्या जपानने उचलली.

आणि रिकीइशी. काय सांगू. जो हा झोपडपट्टीतला उनाड पोरगा आणि रिकीइशी त्याचा सुधारगृहातला शत्रू. साप्ताहिकातलं चित्र काढणाऱ्या तेत्सुया चिबाने रिकीइशीला पहिल्यांदा काढलं तेव्हा जो पेक्षा चांगलाच थोराड काढला. पुढे दोघांची लढत लावायची तर वजनी गट एकच हवा, आता काय करणार? मग त्यातूनच कथा निघाली, रिकीइशी वजन उतरवतो. खाणं बंद, मग पाणी बंद. जिममधल्या नळांना तारा गुंडाळून टाकतात. रात्री तो तहानेने वेडा होऊन एकेक नळ पिळत फिरतो, थेंब नाही. शेवटी जिमवाली योको त्याच्यासाठी कोमट पाणी आणते, भांडं हातात देते, आणि तो तिचे आभार मानून ते जमिनीवर ओततो. या प्रसंगात एकही ठोसा नाही आणि तरी पुढच्या लढतीतला प्रत्येक ठोसा जड होतो तो यामुळे, कारण समोरच्या माणसाच्या अंगात काय शिल्लक आहे हे आपल्याला माहिती असतं.

पुढचं ज्यांनी बघितलं नाही त्यांनी एक परिच्छेद सोडा.

रिकीइशी मरतो. आणि जपानमध्ये त्याचा खराखुरा अंत्यविधी झाला, २४ मार्च १९७० ला, तोक्योत प्रकाशकाच्याच इमारतीत, कवी-नाटककार शूजी तेरायामाच्या पुढाकाराने, सातशेच्या आसपास लोक आले होते. गंमत म्हणजे टीव्हीची मालिका त्यानंतर आठवड्याने सुरू झाली, १ एप्रिलला. म्हणजे देशाला आधीच माहिती होतं हा मरणार आहे आणि तरी तो उभा राहिला की लोक श्वास रोखून बघत होते.

---

तांबडी_माती

कोल्हापूरकर हजर. बॉक्सिंग धरलं तर ज्युदो पण धरा. यावारा! १९८९ ते १९९२, नाओकी उरासावाच्या मांगावरून (म्हणजे जपानी चित्रकथेवरून). आजोबा जिगोरो म्हातारा पैलवानच, नातीला ऑलिंपिकचं सोनं आणायला लावणार, आणि नातीला हवंय नट्टापट्टा, कॉलेज, बॉयफ्रेंड. आमच्या तालमीत असले आजोबा पैशाला पासरी!

ती इप्पोन-सेओइनागे मारते ना, समोरच्याचा हात ओढून पाठीवर घेऊन आपटायचं, तो जवळपास आपला धोबीपछाडच. आणि काढलंय इतकं बरोबर, की आधी ती आत शिरते, गुडघे वाकवते, समोरच्याचा तोल गेलेला दिसतो, मग एक क्षण दोघं हवेत थांबतात, आणि धप्प. तो मधला क्षण कुस्ती खेळलेल्यालाच माहिती, आपल्याला कळतं की गेलो आता.

भागाच्या शेवटी बार्सिलोना ऑलिंपिकला इतके इतके दिवस राहिले असं दाखवायचे. बायकांच्या ज्युदोला खरी पदकं पहिल्यांदा तिथेच मिळणार होती. आणि तेव्हाच र्‍योको तामुरा नावाची सोळा वर्षांची बारकीशी पोरगी जपानकडून उतरली, रौप्य आणलं, तिला सगळे यावारा-चानच म्हणायचे. कार्टून आणि खरं असं एकाच वेळी चाललेलं मी दुसरं बघितलं नाही.

---

उलटा_ठोसा

@तांबडी_माती क्या बात है, तोल जाणं दाखवणं हेच अवघड असतं.

@पावशेर निषेध मान्य. जो ची कथा लिहिणारे इक्की काजिवारा, त्यांचंच टायगर मास्क आणि त्यांचंच कराटे बाका इचिदाई. ते शेवटचं आमच्या कराटेगुरू मास ओयामांच्या आयुष्यावरून, १९७३ ला टीव्हीवर आलं आणि दिग्दर्शकांमध्ये परत देझाकी आहेच. जपानमध्ये त्यांच्या क्योकुशिन कराटेच्या क्लासबाहेर रांगा लागल्या त्यात या मांगाचा मोठा वाटा. बैलाशी झुंज वगैरे तिखटमीठ आहे त्यात, ते सोडा.

@जंबुवंत पालकाला सांगितलं ब्लॅक बेल्टनंतर.

---

निवांत_काकू

मी यातलं काही बघितलेलं नाही, मुलगा बघायचा म्हणून ड्रॅगन बॉल कानावर पडलेलं. पण एक विचारते, त्यातलं मागचं संगीत मला नेहमी ओळखीचं वाटायचं, का बरं?

---

रेघोट्या

काकू, तुमचा कान तिखट आहे. मूळ जपानी ड्रॅगन बॉलचं संगीत शुनसुके किकुची यांचं आणि डोरेमॉनचंही त्यांचंच. टायगर मास्क पण. पोरगा जेवताना डोरेमॉन लावून बसत असेल तर ते तुतारीसारखे ब्रास आणि मध्येच येणारी उदास बासरी डोक्यात बसली असणार. २०२१ ला गेले ते.

---

कोबाल्ट

बरं ठीके. काल रात्री पावशेरांनी सांगितलेला नळाचा प्रसंग शोधून बघितला. नॉस्टॅल्जिया म्हणता येणार नाही कारण हे माझ्या जन्माच्या आधीचं आहे आणि मी आधी कधी बघितलेलं नव्हतं. चित्र मात्र खरंच कच्चं आहे, एका ठिकाणी योकोचा हात वाकडा काढलाय. तरीही रात्री उठून पाणी प्यायलो.

माझं डीबीझेडबद्दलचं मत बदललेलं नाही हे नोंदवून घ्या.

आता सांगा, जो सुरू कुठून करायचं? दोन मालिका दिसतायत, एक १९७० ची, एक १९८० ची. दुसरी दिसायला भारी आहे, थेट तीच लावू का?

---

पावशेर

नको! दुसरी सुरू होते ती रिकीइशी गेल्यानंतर. सरळ तिच्यावर गेलात तर जो एवढा का खचलाय तेच कळणार नाही. पहिली मालिका रिकीइशीच्या लढतीपर्यंत बघा, ७९ भाग आहेत पण सगळे लागत नाहीत, त्यानंतर तिथेच सोडून दुसरीवर उडी मारा, कारण पहिलीत पुढे कार्लोस रिव्हेराचा जो भाग येतो तो दुसरीत पुन्हा नव्याने केलाय, आणि दहा वर्षांत देझाकीचा हात कुठल्या कुठे गेलाय. पहिले काही भाग जुनाट वाटतील, सुधारगृहात पोचेपर्यंत धीर धरा.

---

जंबुवंत

मीही या शनिवारी दुसरी लावतोय, कार्लोस कोण ते अजून मला माहीत नाही, त्यामुळे धाग्यावर त्याच्याबद्दल कोणी एक अक्षर जरी टाकलं तर संपादकांकडे तक्रार करीन.

---

चकलीचा_सोऱ्या

कार्लोस ना, तो तर